दंड घेतला, माल उतरवला का?



उसाच्या ओव्हरलोड गाड्यांवरील कारवाईची या आठवड्यातली बातमी वाचली. किती गाड्या धरल्या, किती दंड वसूल झाला, सगळे ठळक आकड्यांत. जादा माल किती गाड्यांचा उतरवून घेतला, याबद्दल एक ओळही नाही. असणार कुठून? पावती फाडली की गाडी तशीच पुढे जाते.

'ओव्हरलोड' म्हणजे दंड भरून नेता येणारा माल, असा अर्थ आपल्याकडे रूढ झाला आहे. कायद्याला तो मान्य नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये दंड आहेच. शिवाय जादा माल उतरवल्याखेरीज गाडी हलू द्यायची नाही, हेही तिथेच लिहिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये परमजित भसीन खटल्यात हेच बजावले होते. तरीही दंड घेऊन भरलेली गाडी सोडणे ही कारवाई कसली? ही तर परवान्याची विक्री!

'उतरवायला जागा नाही' हे ठरलेले उत्तर. नसेल तर गाडी तिथेच बाजूला उभी करा. दुसरी गाडी आणून माल हलवणे ही मालकाची जबाबदारी. ऊस वाळतो म्हणून ओरड होईल. होऊ द्या. चार गाड्या अडकल्या की पाचवी फडातच बेताने भरली जाईल.

आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज सुमारे १६ पट होते, हे अभियंत्यांचे जुने गणित आहे. नुसता २० टक्के जादा भारही झीज दुपटीवर नेतो. केंद्राने २०१८ मध्ये ट्रकच्या मागच्या चार टायरांच्या आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली, तरी हाव सरत नाही. खड्डे मात्र आमच्या करातून बुजवायचे.

आणि पुराव्यासाठी रात्री नाके कशाला लावायचे? कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक गाडीचे भरलेले आणि रिकामे वजन नोंदले जाते. त्यावरच शेतकऱ्याचे बिल निघते. आरटीओने त्या पावत्या गाडीच्या पासिंगशी ताडून पाहाव्यात. कलम १९४ गाडी चालवू देणाऱ्यालाही लागू आहे. पण रस्त्यावर हात जोडत उभा राहतो तो चालकच.

जाता जाता आणखी एक. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवरच्या डेकचा आवाज मैलभर ऐकू येतो, पण अंधारात मागची ट्रॉली दहा फुटांवर येईपर्यंत दिसत नाही. डेकला पैसे आहेत, रिफ्लेक्टरला नाहीत. रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली कारखान्याने काट्यावर घेऊच नये.

— एक दुचाकीस्वार, कराड