सही न करणारी बाई

राजूरला बैठक होती. आसपासच्या वाड्यांवरून तीसेक बायका आल्या होत्या. विषय देशी दारूच्या दुकानाचा. सह्यांचा कागद फिरू लागला तशी एक जण म्हणाली, "ताई, आधी बाकीच्या करू द्या, मग मी करते." कागद पुढे गेला, पण जिथे गेला तिथे हेच उत्तर. आमच्यातली एक कार्यकर्ती वैतागली, "यांना बदल नकोच आहे!"

मला ते पटले नाही. त्या बाईने मनाशी हिशोब केला होता आणि तो चुकीचा नव्हता. सगळ्यांनी सही केली तर दुकान जाईल, घरात चार पैसे राहतील. पण हिने केली आणि बाकीच्या मागे सरल्या, तर दुकान तिथेच आणि रात्रीचा मार हिला एकटीला. अर्थशास्त्रात याचा अभ्यास होतो, त्याला गेम थिअरी म्हणतात. जॉन नॅश यांना 1994 साली याच कामासाठी नोबेल मिळाले. त्यांचे सांगणे थोडक्यात असे : बाकीच्या जसे वागताहेत तसेच वागत राहिल्या आणि एकटीने वेगळे वागून फायदा नसेल, तर सगळ्या तिथेच अडकतात, ती जागा कुणालाच नको असली तरी.

आता कायदा बघा. 2008 च्या आदेशाप्रमाणे गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान घेतात. मतदान गुप्त, सह्या मात्र उघड, वर त्यांची पडताळणी. म्हणजे सगळा धोका पहिल्याच पायरीवर. शिवाय 'आडव्या बाटली'ला झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण महिलांच्या निम्म्याहून जास्त मते लागतात. घरी बसलेली बाई दुकानाच्या बाजूने मोजली जाते. आपल्याकडची कुटुंबे भात उरकला की नारायणगाव-जुन्नरकडे मजुरीला जातात. यादीत 1000 नावे आणि 200 बायका बाहेर असतील, तर उरलेल्या 800 मधून 501 हव्यात. आमदारकीला हा नियम लावला तर किती जण निवडून येतील? (हातभट्टीला तर परवानाच नाही, तिथे बाटली आडवी करायचीही सोय नाही. तो वेगळा लढा.)

तेव्हा भाषणे पुरेत. आधी मतदार यादी वाचा. लग्न होऊन गेलेल्या, वारलेल्या बायकांची नावे कमी करून घ्या. मतदान बायका गावात असतील तेव्हाच मागा. आणि सह्या एकाखाली एक घेऊ नका. पूर्वी खलाशी तक्रार अर्जावर गोलाकार सह्या करत, म्हणजे म्होरक्या कोण ते कळत नसे. तसा कागद आधी आपल्यापुरता करावा. त्यावर लिहावे : अमुक इतक्या जणी झाल्या तरच माझी सही धरा. तो आकडा 25 टक्क्यांपेक्षा बराच वर ठेवावा, कारण ऐनवेळी काही गळणारच. आकडा भरला की एकाच दिवशी सगळ्यांनी मिळून खऱ्या अर्जावर सह्या कराव्यात. नाही भरला तर कागद चुलीत. कुणाच्या पाठीवर वळ नाही.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई. लोक एकमेकांशी बोलू शकले, एकमेकांवर नजर ठेवू शकले, तर अशा कोंडीतून स्वतःच वाट काढतात, हे त्यांनी गावोगावच्या पाण्या-जंगलांच्या अभ्यासातून दाखवले. आपल्या बायका पाणवठ्यावर रोज बोलतातच.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात अशा गोल सह्या कुणी घेतल्या असतील तर जरूर कळवा. आकडा किती ठेवलात, तेही लिहा.