मासा विकत मिळत नाही!

परदेशप्रवास म्हटला की आपल्याकडे याद्या सुरू होतात. कोणते मनोरे पाहायचे, कोणत्या बाजारात हिंडायचे, घरी कुणाला काय आणायचे! अशा यादीत 'एक दिवस वाटाड्या घेऊन नदीत ट्राउट मासा धरणे' हे कलम कुणी घातले, तर घरची माणसे आधी त्याच्या चेहऱ्याकडे पाहतात आणि मग खिशाकडे. माझा मावसभाऊ न्यूझीलंडात ऑकलंडला असतो. मे महिन्याच्या सुट्टीत त्याच्याकडे जायचे घाटते आहे आणि माझ्या यादीत हे कलम पहिले आहे. हा शौक श्रीमंतांचा, असे मित्र म्हणतात. मला ते पटत नाही. मात्र तो दिवस कसा आखावा याविषयी माझे काही मत आहे, ते येथे मांडतो.

न्यूझीलंडात ट्राउट विकण्यास कायद्याने मनाई आहे. बाजारात तो मिळत नाही, हॉटेलच्या पदार्थांच्या यादीतही सापडत नाही. ज्याला खायचा असेल त्याने परवाना काढावा आणि स्वतः धरावा, किंवा धरणाऱ्याशी मैत्री करावी! एवढेच नव्हे, तर गोड्या पाण्यात मासे धरण्याचा हक्क विकणे वा भाड्याने देणे हाही तेथे गुन्हा आहे. ज्या इंग्लंडातून वसाहतवाले तेथे गेले, तेथील उत्तम नद्यांचे काठ जमीनदारांच्या मालकीचे होते. नव्या देशात त्यांनी ही एक गोष्ट मागे टाकली. खाजगी शेतातून जायचे तर मालकाची परवानगी लागते, पण नदीतल्या माशाला मालक नाही.

मग वाटाड्याला आपण पैसे देतो ते कशाचे? माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर ज्याला सापडले, त्याला तो दिवस आखता आला. ते पैसे माशाचे नसतात, शिकवणीचे असतात. पाणी कुठे मंदावते, कोणत्या खडकाआड मासा विसावतो, आज पाण्यात कोणते किडे आहेत आणि म्हणून कोणती कृत्रिम माशी दोरीला बांधावी, हे त्याने वर्षानुवर्षे नदीत उभे राहून मिळवलेले ज्ञान असते. असा माणूस एक दिवस आपल्याला नदी वाचायला शिकवतो. प्राध्यापकांनी शेक्सपिअरचा एक प्रवेश उलगडून दाखवावा, तसेच हे. संध्याकाळी टोपली रिकामी राहिली म्हणून पैसे वाया गेले असे म्हणणारा विद्यार्थी, तास संपल्यावर 'परीक्षेत हे येणार का?' एवढेच विचारणाऱ्याच्या जातीचा!

आता प्रत्यक्ष आखणीकडे वळू. माझ्या मनात आहे ती तोंगारिरो नदी. उत्तर बेटावर तुरांगी गावाजवळून वाहत ती टाउपो सरोवराला मिळते. हे सरोवर सुमारे ६१६ चौरस किलोमीटरचे आहे. त्यात वाढलेले इंद्रधनुषी ट्राउट हिवाळ्यात अंडी घालण्यासाठी नदीत वर चढतात. तिकडचा हिवाळा म्हणजे आपला उन्हाळा-पावसाळा, तेव्हा आपली मे महिन्याची सुट्टी आणि या चढणीचा आरंभ यांची गाठ आपोआप पडते. टाउपो परिसराचा परवाना वेगळा असतो. देशात इतरत्र चालणारा परवाना तेथे चालत नाही. तो प्रत्येकाने आपापल्या नावाने काढावा. या नदीत केवळ कृत्रिम माशी लावूनच मासेमारी करता येते.

वाटाड्याचे एका दिवसाचे मोल शेकड्यांनी डॉलर असते. माझ्यासारख्याच्या दोन वर्षांच्या शिकवण्यांची कमाई त्यात जाईल. म्हणून आधी पत्राने सारे विचारून घ्यावे. दोघांना एकाच मोलात नेता का? काठी, छातीपर्यंत येणारी रबरी विजार आणि जेवण त्यात धरले आहे का? नदीला पूर आला तर काय? आणि आपणही खरे ते सांगावे, पोहता येते का, कमरेइतक्या पाण्यात उभे राहता येते का. शक्य तर एक दिवस राखीव ठेवावा, कारण पाऊस आपल्या तिकिटाची तारीख पाहून पडत नाही. दोरी फेकण्याचा सराव गळ न बांधता कॉलेजच्या मैदानावर करता येतो. हसणारे हसतील! पण पहिला अर्धा दिवस फेकायला शिकण्यात गेला, तर नदी शिकायची केव्हा?

वापरलेले सामान नेणार असाल तर ते धुऊन, वाळवून न्यावे आणि विमानतळावर तसे नोंदवावे. २००४ साली दक्षिण बेटावर 'डिडिमो' नावाचे सूक्ष्म शेवाळ सापडले. ते ओल्या सामानाबरोबर एका नदीतून दुसरीत जाते. नमद्याचा तळ लवकर सुकत नाही, म्हणून तसल्या तळाच्या बुटांवर २००८ पासून बंदी आली. नदी सर्वांची असली की तिची स्वच्छताही सर्वांच्या माथी येते, हे आपणही ध्यानात घ्यायला हरकत नाही.

खरा आक्षेप मात्र पैशाचा नाही. आमचे घर मालवणचे. आजोबांनी उभा जन्म रापण ओढली. हा बेत ऐकून ते म्हणाले, "पैशे दिऊन मासो धरूचो आनि परत सोडूचो? मगे धरूचो कित्याक?" या प्रश्नाला इंग्रजी मासिकांतली गुळगुळीत उत्तरे पुरत नाहीत. मासा आमच्याकडे जेवण आहे, खेळणे नव्हे. त्यात पुन्हा हे मासे अंडी घालायला निघालेले! आपल्या किनाऱ्यावर माशांच्या विणीच्या काळात, १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक होड्या बंद असतात. तोंगारिरोवर वरचे काही प्रवाह हिवाळ्यात बंद ठेवतात, पण खालची नदी उघडी असते. तेव्हा माझे उत्तर असे आहे: नियमात बसणारा एक मासा ठेवावा, भावाच्या घरी रांधून सर्वांनी खावा आणि तेथे थांबावे. आकडे मोजत आणि छायाचित्रे काढत दिवसभर मासे दमवणे हे मला मान्य नाही. वाटाड्याला हे पहिल्याच पत्रात कळवावे.

आणखी एक गोष्ट जाण्यापूर्वी वाचून जावी. ट्राउट हा तिथला मूळचा मासा नाही. १८६४ साली त्याची अंडी बर्फात आणि शेवाळात बांधून इंग्लंडहून टास्मानियात आली. तेथून १८६७ मध्ये तपकिरी ट्राउट न्यूझीलंडात पोचला. १८८३ मध्ये कॅलिफोर्नियातून इंद्रधनुषी आला. या पाहुण्यांनी टाउपोतले कोआरो हे छोटे मासे फस्त करत आणले. तेच मासे सरोवराकाठच्या नगाती तुफारेतोआ या माओरी जमातीचे अन्न होते. १९२६ साली सरकारने सरोवराचा तळ आपल्या मालकीचा केला आणि परवान्यांच्या उत्पन्नातला वाटा जमातीच्या मंडळाला दिला. तळाची मालकी १९९२ मध्ये जमातीकडे परत आली, पण लोकांना मासेमारीची वाट मोकळीच राहिली. ज्यांच्या ताटातला घास गेला, त्यांनी पाहुण्यांना दार लावले नाही. हे ठाऊक नसताना त्या पाण्यात उभे राहणे म्हणजे यजमानाचे नाव न विचारता त्याच्या पंगतीला बसणे होय.

मित्रहो, परदेशात जाऊन पैसे खर्चणे कुणालाही जमते. पैशाने न मिळणारी एखादी गोष्ट शोधून तिच्यासाठी एक दिवस राखून ठेवणे, ही मात्र अभ्यासाची बाब आहे. ट्राउट तेथे विकत मिळत नाही, हे किती चांगले आहे! ते ज्याला खरोखर समजले, त्याने तुरांगीची वाट जरूर धरावी. बाकीच्यांना बाजार आहेतच.