ऑनलाइन वजन नियंत्रण : व्हिडिओ ढीगभर, पण वही कोण तपासतो?



वर्गातल्या पोरांची उंची-वजनं आपण नोंदवतो. गेल्या जूनमध्ये सगळ्यांची झाल्यावर एका पोरानं विचारलं, "गुरुजी, तुमचं किती?" उभा राहिलो काट्यावर. ८१ किलो! उंची १६७ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय २९. आपल्या भारतीयांसाठी २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. कमरेचा घेर पुरुषांचा ९०, बायकांचा ८० सेंटिमीटरच्या आत हवा. माझा किती होता ते विचारू नका.

आता माढ्यात राहून आहारतज्ज्ञाकडे दर पंधरा दिवसांनी सोलापूरला जायचं म्हटलं, तर प्रत्येक वेळी एक रजा गेली. म्हणून बहुतेकांसारखा मीही मोबाइलकडे वळलो. ऑनलाइन कार्यक्रमांना नावं ठेवणारा मी नाही. आपल्यासारख्या तालुक्याच्या गावाला त्यांचा खरा उपयोग आहे. पण ते निवडताना आपण शिक्षक असल्याचं विसरतो, एवढंच माझं म्हणणं.

कोरोनातली ऑनलाइन शाळा आठवा. पालकांच्या ग्रुपवर आपण रोज व्हिडिओ टाकायचो, निळ्या टिकाही दिसायच्या. शिकलं कोण? ज्या पोराच्या वहीचा फोटो यायचा आणि ज्याला आपण 'इथे हातचा विसरलास' असं लिहून पाठवायचो, ते पोर. वजनाचंही अगदी तसंच आहे बघा. अमेरिकेत डेबोरा टेट आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ९१ माणसं, सहा महिने. एका गटाला इंटरनेटवरची माहिती दिली. दुसऱ्या गटाला माहितीबरोबर दर आठवड्याला ईमेलने धडे मिळत, त्यांनी खाण्याची आणि व्यायामाची नोंद पाठवायची आणि तज्ज्ञ ती वाचून उत्तर द्यायचा. पहिल्या गटाचं वजन सरासरी १.६ किलो उतरलं, दुसऱ्याचं ४.१ किलो.

आपल्या महाराष्ट्रात तर याचा मोठा प्रयोग घराघरांत झाला. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेला : दिवसात दोनदाच जेवण, प्रत्येक ५५ मिनिटांच्या आत, आणि ४५ मिनिटं चालणं. दुसरीकडे ऋजुता दिवेकर सांगत होत्या, थोडं थोडं आणि वरचेवर खा. लग्नाच्या पंगतीतसुद्धा 'दीक्षित की दिवेकर' यावर वाद रंगायचे. दोन्ही बाजूंची माणसं छातीठोक सांगायची, "मला गुण आला." मला यात घेण्यासारखं वाटतं ते निराळंच. दीक्षितांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मोफत होते, आणि आत जाण्याआधी उपाशीपोटी इन्सुलिन व एचबीए१सी या तपासण्या करून घ्यायला सांगत. म्हणजे नुसतं भाषण ऐकून सुटका नव्हती. कोणी तरी रिपोर्ट बघणार होतं.

मी मात्र आधी पैसे भरून एक अ‍ॅप घेतलं. त्यात 'ज्वारीची भाकरी – १' असं टाकलं की शंभरच्या आसपास कॅलरी दाखवायचं. शंका आली म्हणून घरचं पीठ काट्यावर तोललं. आमच्या एका भाकरीला ९० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे जवळपास ३०० कॅलरी! वर शेंगाचटणी आणि तेल. मी रोज दोन भाकऱ्या खाऊन अ‍ॅपकडून शाबासकी घेत होतो. माणसानं वही पाहिली असती तर पहिल्याच दिवशी विचारलं असतं, "गुरुजी, भाकरी केवढी हो?"

एक गोष्ट मात्र चेष्टेवारी नेऊ नका. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील आणि जेवण एकदम कमी केलं, तर साखर धोकादायक खाली जाते. डॉक्टरांना विचारून डोस ठरवल्याशिवाय कुठलाच ऑनलाइन आहार सुरू करू नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनीही नाही. आणि पालकांनो, हे कार्यक्रम मोठ्यांचे आहेत. आईबरोबर आठवीतली मुलगीही रात्रीचं जेवण सोडतेय, असं मी पाहिलंय. वाढत्या वयात ते चालणार नाही.

सप्टेंबरमध्ये आम्ही केंद्रातल्या पाच जणांनी ग्रुप काढला. शनिवारी सकाळच्या शाळेआधी वजन करायचं, काट्याचा फोटो टाकायचा, आठवड्याच्या जेवणाची नोंद पाठवायची. तिसऱ्या आठवड्यात एक बाई गुपचूप बाहेर पडल्या. सगळ्यांसमोर आकडा टाकायची लाज वाटते, म्हणाल्या. चूक आमची होती. कच्च्या पोराचे मार्क आपण भर वर्गात वाचतो का? मग ग्रुप मोडून जोड्या केल्या. त्या बाई परत आल्या आणि माझी वही त्यांच्याकडे गेली.

जानेवारीअखेर मी ७७ वर आलोय. मधल्या एका आठवड्यात अर्धा किलो वाढलं होतं. तेव्हा नोंदीचा फोटो लाल गोल करून परत आला : "रविवारी शेतात गेला होतात. हुरडा किती खाल्ला, ते लिहिलेलं नाही."