पांढऱ्या कोटाचे भय : रोमा समाज आणि युरोपातील दवाखाने

१/ "रोमा लोक दवाखान्यात येतच नाहीत, ती त्यांची संस्कृतीच आहे." युरोपात हे विधान इतक्या सहजपणे केले जाते, की त्यामागचा इतिहास तपासावा असे फारसे कोणाला वाटत नाही. तो तपासला, तर दोष संस्कृतीकडे नव्हे, दवाखान्यांकडे जातो.

२/ रोमांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतीय उपखंडातून पश्चिमेकडे गेले. रोमानी भाषेत आजही कानाला 'कान' आणि पाण्याला 'पानी' म्हणतात. ते इजिप्तहून आले या गैरसमजातून त्यांना 'जिप्सी' हे नाव चिकटले.

३/ १९३६, बर्लिन. नाझी राजवटीच्या आरोग्य खात्यात डॉ. रॉबर्ट रिटरच्या हाताखाली वंशसंशोधन केंद्र सुरू झाले. त्याची पथके वस्त्यांवर जाऊन डोकी मोजत, रक्ताचे नमुने घेत, वंशावळी लिहून घेत. पुढे छळछावण्यांत कोणाला पाठवायचे, हे ठरवताना हीच कागदपत्रे वापरली गेली.

४/ रिटरची सहकारी एव्हा युस्टिन मूळची परिचारिका. ती रोमानी बोलत असे, म्हणून लोक तिच्यावर विश्वास ठेवत. मुल्फिंगन येथील आश्रमातल्या सिंती मुलांवर तिने प्रबंध लिहिला. प्रबंधाचे काम आटोपल्यावर, मे १९४४ मध्ये, त्या मुलांना आउशवित्झला पाठवण्यात आले. त्यांतील मोजकीच वाचली.

५/ युद्धानंतर रिटरला शिक्षा झाली नाही. फ्रँकफुर्ट महापालिकेच्या आरोग्य विभागात त्याला नोकरी मिळाली. युस्टिनलाही तेथेच सामावून घेतले गेले. त्याच्यावरील चौकशी १९५० मध्ये गुंडाळण्यात आली. छावणीतून जिवंत परतलेल्या माणसाने अशा आरोग्य विभागावर विश्वास कोणत्या आधारावर ठेवायचा होता?

६/ हे केवळ नाझींचे पाप, असे म्हणून सुटका होत नाही. समाजवादी चेकोस्लोव्हाकियात १९७२ च्या नसबंदीविषयक आदेशानंतर रोमा स्त्रियांवर पद्धतशीर दबाव आला. समाजसेवक पैशांचे आमिष दाखवीत. भत्ते बंद करण्याची, मुले काढून घेण्याची धमकी देत. 'चार्टर ७७' या नागरी चळवळीने १९७८ मध्येच याचा जाहीर निषेध केला होता.

७/ त्याच राजवटीने रोमांना घरे, नोकऱ्या आणि लसीकरणही दिले, असा प्रतिवाद केला जातो. तो खोटा नाही. परंतु भत्त्याचा अर्ज घेऊन दारात येणारा सरकारी माणूसच संमतिपत्रही पुढे करीत असे. त्यामुळे सरकारी मदत स्वीकारणेच धोक्याचे ठरले.

८/ राजवट १९८९ मध्ये कोसळली, प्रथा टिकली. ऑगस्ट २०००, प्रेशोव, स्लोव्हाकिया. प्रसूतिवेदना सुरू असताना एका तरुण रोमा स्त्रीला सांगण्यात आले की पुढच्या बाळंतपणात ती तरी मरेल किंवा मूल तरी. तिची सही घेऊन नसबंदी उरकण्यात आली. तिच्या वैद्यकीय नोंदीत 'रोमा वंशाची' असा शेरा होता.

९/ 'व्ही. सी. विरुद्ध स्लोव्हाकिया' या खटल्यात २०११ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ही वागणूक मानवी प्रतिष्ठेचा भंग करणारी ठरवली. मात्र वांशिक भेदभावाचा मुद्दा स्वतंत्रपणे तपासण्याची गरज नाही, असे बहुमताने म्हटले. वंशाचा शेरा नोंदीत दिसत असूनही नेमका तोच प्रश्न टाळला गेला.

१०/ चेक सरकारने २००९ मध्ये खेद व्यक्त केला. भरपाईचा कायदा येण्यास २०२१ उजाडले : प्रत्येकी तीन लाख कोरुना. त्यासाठी पुरावा हवा; अनेक रुग्णालयांनी तर जुन्या नोंदी केव्हाच नष्ट केल्या होत्या. हरवलेल्या कागदांचा भार पुन्हा त्या वृद्ध स्त्रियांवरच पडला.

११/ मराठी वाचकाला हे भय परके वाटू नये. आणीबाणीत, १९७६ मध्ये, महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. नसबंदीची पथके येताच गावोगावचे लोक रानात पळत, त्याला कोणी 'संस्कृती' म्हणत नाही.

१२/ म्हणून रोमांसाठी केवळ 'जनजागृती'ची पत्रके छापणे हा इतिहासाचा अपमान आहे. ज्याला सगळे आठवते, त्याला अडाणी ठरवून विश्वास मिळत नाही. रुमानियाने २००२ पासून रोमा समाजातल्याच स्त्रियांना आरोग्य-मध्यस्थ म्हणून नेमले, ही दिशा योग्य आहे. त्याच्या जोडीला रोग्याच्या भाषेत संमती, जुन्या नोंदी खुल्या करणे आणि पुराव्याची जबाबदारी सरकारवर टाकणे आवश्यक आहे. विश्वास दवाखान्यांनी गमावला. तो परत मिळवण्याचे कामही त्यांचेच आहे.