चप्पल मिलानला पोहोचली, कारागीर कोठे आहे?



२२ जून २०२५ रोजी इटलीतील मिलान शहरी प्राडा या धनाढ्य कंपनीने पुरुषांच्या पोशाखांचे प्रदर्शन भरविले. त्यात काही तरुण जी पादत्राणे घालून मिरवले, ती कोणाच्या हातची विद्या आहे हे कोल्हापुरातील शाळकरी पोरानेही सांगितले असते. कंपनीच्या लेखी मात्र ती नुसती चामड्याची सँडल होती. कोल्हापूरचे नाव नव्हते, मग चर्मकाराचे कोठून असणार? महाराष्ट्रात ओरड झाली तेव्हा कंपनीने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र पाठवून भारतीय कारागिरीपासून स्फूर्ती घेतल्याचे मान्य केले. जुलैत तिची माणसे कोल्हापुरास येऊन गेली. आणि ११ डिसेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र व कर्नाटक येथील दोन सरकारी चर्मोद्योग महामंडळांशी तिचा सामंजस्य करार झाला. दोन हजार जोड, जोडामागे सुमारे ८०० युरो किंमत, जगभरची ४० दुकाने, तीन वर्षांचे सहकार्य आणि कारागिरांना प्रशिक्षण, असे त्या वेळी जाहीर करण्यात आले. कालपर्यंत ज्यांना चोरी दिसत होती त्यांना आज भागीदारी दिसू लागली. भागीदारी हा शब्द मोठा गोड आहे. परंतु मी वकील आहे, आणि भागीदारी म्हटली की भागीदार कोण व त्याचा भाग किती, हे दोन प्रश्न विचारल्यावाचून मला राहवत नाही.

तुमच्यापैकी पुष्कळजण येथेच मला थांबवतील. म्हणतील, वकीलसाहेब, आमच्या वाडवडिलांनी मेलेली ढोरे ओढण्याचे सोडले, गावकीवर लाथ मारली, मग आपण धम्म स्वीकारला, तो काय पुन्हा कातड्याची चर्चा करण्यासाठी? हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्यामागे अपमानाची जुनी आठवण आहे. म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे.

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी एक जुना वाद सांगितला होता. मेलेल्या जनावरांचे काम सोडल्याने अस्पृश्यांचे नुकसान कसे होते, याचा हिशेब एका टीकाकाराने मांडला होता. कातडे, शिंगे, हाडे, मांस मिळून गावात वर्षाला पाचशे रुपयांचा फायदा आहे, तो हे लोक बुडवीत आहेत, असा त्याचा कळवळा! बाबासाहेबांनी त्याला उलट विचारले की इतका नफा आहे तर तो तुम्हीच का घेत नाही? त्या प्रश्नाने तेव्हा सभागृहे हसली. परंतु बंधूंनो, त्यानंतर काय घडले ते पहा. टीकाकारांच्या नातवंडांनी तो सल्ला अक्षरशः मानला! चामड्याचे कारखाने, निर्यातीच्या पेढ्या, परदेशी दुकाने आज ज्यांच्या मालकीची आहेत त्यांपैकी किती आडनावे आपली आहेत? कातडे कमावणारा आणि शिवणारा हलका ठरला. तेच कातडे जहाजात चढवणारा मात्र शेठ झाला. त्याला विटाळ झाला नाही, कारण त्याने हातात चामडे नव्हे, कागद घेतला.

बाबासाहेबांनी आपल्याला धंदा सोडायला सांगितले नाही, वेठ सोडायला सांगितले. नाही म्हणण्याची मुभा नाही, मोबदला मागण्याचा हक्क नाही आणि मुलालाही तेच करावे लागते, असे काम म्हणजे वेठ. ज्याचा भाव आपण ठरवतो आणि जे उद्या सोडून देता येते, तो व्यापार. भगवंताने उपासकाला वर्ज्य म्हणून जे पाच व्यापार सांगितले ते शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. चामड्याचा उल्लेख त्यात नाही. बुद्धाचे पहिले दोन उपासक तपुस्स आणि भल्लिक हे तर वाटसरू व्यापारीच होते. आणि आंध्रातील अमरावतीच्या स्तूपावर विधिक नावाच्या एका चर्मकाराच्या दानाचा लेख आहे. पूर्णघट कोरलेली शिला त्याने आई, पत्नी, भाऊ आणि मुलासह दिली. आपल्या नावामागे त्याने धंदा कोरून घेतला आणि बापाचा उल्लेख उपाध्याय नाग असा केला. बाप उपाध्याय, मुलगा चर्मकार, आणि दोन्ही गोष्टी एकाच दगडावर लाजेवाचून लिहिलेल्या. मनूचा अंमल पक्का होण्यापूर्वी या देशात असेही दिवस होते.

दुसऱ्या बाजूला परंपरेचे भाट उभे आहेत, आणि माझा खरा राग त्यांच्यावर आहे. प्राडाच्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून केवढा वारशाचा उमाळा आला! शतकानुशतकांची कला, पिढीजात हात, रक्तातले कसब. पिढीजात का, हे कोणी विचारले नाही. ढोर समाजाने बाभळीची साल आणि हिरडा घालून पिढ्यानपिढ्या कातडे कमावले, ते रक्तात काही विशेष होते म्हणून नव्हे; त्या कुंडापासून उठून दुसरीकडे जाण्याची वाट गावाने बंद केली होती म्हणून. ज्यांच्या घरात या धंद्यातल्या मुलाला आजही जावई म्हणून उंबरठा ओलांडता येणार नाही, त्यांनी त्याच्या बापाच्या हातांचे पोवाडे गाऊ नयेत. आणि वारशाचा इतका अभिमान सरकारला असेल तर २०१५ साली महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी घालताना या कारागिराच्या कच्च्या मालाचा विचार कोणी केला? २०१६ साली गुजरातेत ऊना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या आपल्या भावांना भर रस्त्यात फोडून काढले गेले. २०१८ साली त्या कुटुंबाने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यांच्या पाठीवरचे वळ आणि मिलानमधली पादत्राणे हा एकाच धंद्याचा इतिहास आहे.

आता कायद्याकडे वळतो. कोल्हापुरी चप्पल या नावाला २०१९ साली भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर या आठ जिल्ह्यांना तिचा लाभ आहे. नोंदणीकृत धनी म्हणून दोन्ही राज्यांच्या महामंडळांची नावे आहेत. प्राडाविरुद्ध काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहितयाचिका केली, ती जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली. तुमचा हक्क कोणता, असे न्यायालयाने विचारले. दाद मागायची तर नोंदणीकृत धन्याने रीतसर दावा करावा. या निर्णयावर पुष्कळजण रुसले, मी रुसलो नाही. न्यायालयाच्या दारात कळवळा चालत नाही, हक्क चालतो. दुखापत कारागिराची, आणि याचिका मात्र दुसऱ्याची, हा आपल्या समाजाचा जुनाच अनुभव नाही काय?

१९९९ च्या त्या कायद्यातील तीन गोष्टी प्रत्येक घराने समजून घ्याव्यात. कलम १७ अन्वये जो कोणी तो माल प्रत्यक्ष तयार करतो त्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःच्या नावाने नोंद करून घेता येते. कलम २१ अन्वये अशा नोंद झालेल्या माणसाला ते नाव वापरण्याचा आणि कोणी ते लुबाडल्यास दाद मागण्याचा हक्क मिळतो. महामंडळाच्या तोंडाकडे पाहत बसावे लागत नाही. आणि कलम २४ असे आहे की हा हक्क विकता येत नाही, परवान्याने देता येत नाही, गहाणही टाकता येत नाही. तो फक्त वारसाकडे जातो. सावकाराने आपली भांडी नेली, जमिनी नेल्या. हा एक हक्क असा आहे की तो त्याला नेता येणार नाही. भगिनींनो, पट्ट्याची वेणी तुम्ही गुंफता, म्हणजे तुम्हीही उत्पादक आहात. नोंद नवऱ्याच्या नावाने करून थांबू नका.

हा कायदा भारताच्या हद्दीपुरता आहे. मिलानमध्ये तो चालत नाही. परंतु युरोपीय संघाने २०२३ साली हस्तकलेच्या मालासाठी स्वतंत्र कायदा केला, तो १ डिसेंबर २०२५ पासून लागू झाला आणि युरोपबाहेरील उत्पादकांनाही त्याखाली नोंदणी मागता येते. प्राडाशी सह्या झाल्या त्याच्या दहाच दिवस आधी हे दार उघडले होते. तेथे अर्ज करणे हे महामंडळांचे पहिले काम आहे; कंपनीशी हस्तांदोलनाची छायाचित्रे नंतर काढता येतील. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी व्यापार करारावर सह्या झाल्या, त्यात आपल्या पादत्राणांवरील जकात उठविण्याचे ठरले आहे. जकात उठली की पैसा सुटतो. तो कारागिराच्या घरी आपण होऊन चालत येत नाही.

गेल्या वर्षी एका तरुणाने मला करारनामा दाखवला. घर धम्मात आलेले, मुलगा पदवीधर, बाप चपला शिवणारा. एका निर्यातदाराने त्यांना परदेशी बाजार मिळवून देतो म्हणून चौदा पानी इंग्रजी कागद पुढे केला होता. परदेशी बंदरात माल नापसंत झाल्यास कारण न देता परत, खर्च कारागिराच्या माथी. नमुन्याची मालकी खरेदीदाराची. तोच नमुना कारागिराने पाच वर्षे दुसऱ्या कोणासाठी करू नये. भाव मात्र दर हंगामास खरेदीदार ठरवील. मी मुलाला विचारले, सही का केलीस? तो म्हणाला, “साहेब, त्यांनी बाबांना खुर्ची दिली आणि चहा पाजला.” बंधूंनो, या वाक्यावर मला रागावता आले नाही.

नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे, तो त्या मुलाला मी दाखवणार आहे. भिक्खूंच्या चीवरांसाठी त्याने गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायमचे ठेवले: दोन हजार एकीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस, आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी बारा बारा कार्षापण. गुणाकार करून पहा, बरोबर जुळतो. हा करार निगमसभेत जाहीर केला, फलकावर लिहिला आणि मग दगडात कोरला. राजाचा जावई, आणि समोर विणकरांची श्रेणी. रक्कम व दर असे उघड लिहिलेले की दोन हजार वर्षांनी मी तपासू शकतो. डिसेंबर २०२५ च्या कराराकडून मी याहून अधिक काही मागत नाही. दोन हजार जोड गुणिले आठशे म्हणजे सोळा लाख युरो. त्यातून जोडामागे शिवणाऱ्याला किती, कमावणाऱ्याला किती, वेणी गुंफणारीला किती? नापसंत मालाचा भार कोणावर? करणाऱ्याचे नाव जोडावर की फक्त कंपनीचे? ही कलमे मराठीत व कानडीत छापून आठ जिल्ह्यांतील प्रत्येक कारागिराच्या हाती दिली पाहिजेत आणि महामंडळांच्या कार्यालयांच्या दारावर लावली पाहिजेत. त्यासाठी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करण्यास कोणाच्याही परवानगीची गरज नाही.

आपल्या विहारांत पौर्णिमेला वंदना होते, प्रवचन होते. त्यानंतर एक तास कागद वाचण्यासाठी ठेवावा. चामड्याचाच नव्हे, कोणी बांबूच्या वस्तू पाठवीत असेल, कोणी कापड, कोणी हळद. दहा घरांनी मिळून सहकारी संस्था काढावी, आयात-निर्यातीचा क्रमांक संस्थेच्या नावाने घ्यावा, आणि सही एकट्याने न करता संस्थेच्या सभेत करावी. आमच्या तालुक्यातील वकील मंडळींपैकी चौघांनी ही वाचनाची सेवा विनामूल्य करण्याचे कबूल केले आहे. येताना करारनामा सोबत आणावा. सही होऊन गेली असली तरी आणावा, आणि वडिलांनाही घेऊन यावे.

जय भीम.