पोट्ट्याला क्लास नको, कासव द्या!

पूर्वी ओळखीपाळखीचे लोक "गणिताची ट्यूशन कुठे लावायची?" असं विचारायचे. आता विचारतात, "कोडिंगचा क्लास कुठे लावायचा?" आणि आपण इंजिनिअरिंगला आहोत म्हटल्यावर हा प्रश्न हमखास आपल्याकडेच येतो. माझ्या अकोल्याच्या मावशीने तर फोनवर सरळ ऑर्डरच सोडली, "तू इंजिनिअरिंगले आहे ना वं, मंग आमच्या पोट्ट्याले एखादा चांगला क्लास सांगून दे!" पोट्टा सहावीत आहे.

माझं स्पष्ट मत असं, की ज्या मुलाला प्रोग्रॅमिंगची खरंच आवड आहे त्याला निदान सुरुवातीला तरी क्लास लावू नये.

पालकांचा दोष नाही म्हणा. २००१ साली एमएस-सीआयटी सुरू झालं आणि आपल्याकडे गावोगावी कॉम्प्युटर सेंटरच्या पाट्या लागल्या. त्या कोर्सने कितीतरी लोकांची माऊसची भीती घालवली, हे मान्यच करायला हवं. पण त्यामुळे कॉम्प्युटर शिकणं म्हणजे फी, बॅच, परीक्षा आणि सर्टिफिकेट, हे समीकरण घराघरात पक्कं बसलं. मग २०२० चा लॉकडाऊन आला. सहा-सात वर्षांच्या मुलांना अ‍ॅप बनवायला शिकवू, लाखो रुपये कमवतील, अशा जाहिराती सुरू झाल्या. तक्रारी झाल्यावर त्यातल्या काही मागे घ्याव्या लागल्या. त्याच वर्षी नवीन शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी कोडिंगचा उल्लेख आला आणि आईबाबा अजूनच घाबरले!

शाळेतलं कोडिंग कसं असतं ते मी पाहिलंय. आमच्या कॉन्व्हेंटच्या लॅबमध्ये बूट काढून, लाईन लावून जायचं, एका मशीनवर तिघी बसायच्या आणि वहीत लूपची डेफिनिशन लिहायची. परीक्षेत पाच मार्काला यायची. लूप चालवून मात्र कोणीच पाहिला नाही.

आता कासवाकडे वळू. सेमूर पॅपर्ट नावाचे एक गणितज्ञ होते. त्यांनी १९६७ मध्ये सहकाऱ्यांबरोबर लोगो ही भाषा खास मुलांसाठी तयार केली. पुढे त्यात एक कासव आलं. 'शंभर पुढे जा, नव्वद अंश उजवीकडे वळ' असं चार वेळा सांगितलं की ते चौकोन काढतं. पॅपर्ट यांची युक्ती अशी, की कासव अडलं तर मुलाने स्वतः कासव व्हायचं आणि चालून बघायचं. याला लाईट लागत नाही, इंटरनेट लागत नाही आणि इंग्रजी तर नाहीच नाही. अंगण आणि खडू बस!

दिवाळीच्या सुट्टीत मावशीकडे आम्ही हेच केलं. आधी अंगणात चालून चौकोन. मग माझ्या लॅपटॉपवर स्क्रॅच. हे एमआयटीच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये आणलं, फुकट आहे, आणि यात ठोकळे जोडून प्रोग्रॅम होतो, त्यामुळे सेमीकोलन विसरायची भानगडच नाही. यात कासवाच्या जागी मांजर असतं, एवढंच. पोट्ट्याला रांगोळीतली पाच टोकांची चांदणी काढायची होती. त्याने ३६० ला ५ ने भागलं, ७२ अंश टाकले. निघाला पंचकोन! "ताई, हे मांजर चांदणी काहून नाही काढून रायलं?" मी उत्तर सांगितलं नाही. (मावशी दोनदा म्हणाली, "सांगून टाक ना वं!") मग तो ८० टाकून बघ, १०० टाकून बघ, मधेच अंगणात जाऊन स्वतःभोवती फिरून बघ. चकली खाता खाता शेवटी १४४ टाकले आणि चांदणी जुळली. पण मला खरं आवडलं ते त्याच्या पुढचं. थोड्या वेळाने तो धावत आला आणि म्हणाला, "ताई, हे दोन चकरा मारून रायलं! पंचकोनाले एकच लागते!" १४४ गुणिले ५ म्हणजे ७२०. बरोबर दोन चकरा. हे त्याच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

क्लासमध्ये हे होत नाही, कारण तिथे तासाभरात चांदणी काढून दाखवावी लागते. पुढच्या बॅचची मुलं दाराबाहेर उभी असतात ना!

आपल्याकडे गॅदरिंगच्या भाषणात विजय भटकरांचं नाव हटकून येतं. मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे, परम सुपरकॉम्प्युटर बनवणारे, वगैरे. पण एक गोष्ट सांगायची राहून जाते. त्यांचा जन्म १९४६ चा. ते शाळेत जायला लागले तेव्हा अख्ख्या भारतात एकही डिजिटल कॉम्प्युटर नव्हता, मग क्लास कुठून असणार! आणि १९९१ मध्ये सी-डॅकच्या टीमने त्यांच्या नेतृत्वाखाली परम ८००० उभा केला, तोही अमेरिकेने क्रे सुपरकॉम्प्युटर द्यायला नकार दिल्यानंतर.

क्लास कधीच नको असं नाही. मूल स्वतः येऊन "मला आता पुढचं येत नाही" म्हणालं की खुशाल लावा. तोपर्यंत त्याला कोणीतरी शेजारी बसणारं हवं, ज्याला उत्तर माहीत असूनही गप्प राहता येतं. आईबाबांना प्रोग्रॅमिंग येत नसेल तर उलट बरंच, गप्प राहणं सोपं जातं! "हे काय बनवलंस? मला दाखव" एवढं विचारलं तरी पुष्कळ.

आपल्या होस्टेलमध्ये जवळजवळ प्रत्येक रूममध्ये लॅपटॉप आहे आणि प्रत्येकीच्या गावी एखादं असं पोट्टं आहे. स्क्रॅच ऑफलाइनही चालतं, त्यामुळे गावात नेट नाही हे कारण चालणार नाही. सेटअप माझ्या पेनड्राइव्हवर आहे, सुट्टीला जाण्याआधी कॉपी करून घेऊन जा.