सूक्ष्मदर्शक कोणासाठी?

विद्यापीठाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर कोट्यवधी रुपये खर्च करावेत काय, असा प्रश्न निघाला की आपल्याच कार्यकर्त्यांपैकी कोणीतरी गळक्या शाळांची आठवण करून देतो. आठवण रास्त आहे. तिच्यातून काढला जाणारा निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. सार्वजनिक पैशातून यंत्र घेतले नाही म्हणून ज्ञान थांबत नाही. ते केवळ भरमसाट शुल्क भरू शकणाऱ्यांच्या मुलांपुरते उरते.

मुलुंडला माझ्या शेजारी एम. एस्सी. करणारी एक मुलगी राहते. तिने आपला नमुना एका केंद्राकडे पाठवला. काही आठवड्यांनी चार छायाचित्रे आली. साध्या सूक्ष्मदर्शकाची नजर मिलिमीटरच्या सुमारे पाच हजाराव्या भागापाशी थांबते आणि इलेक्ट्रॉनांचा झोत त्याच्या कितीतरी पलीकडचे दाखवतो, हे ती परीक्षेत बिनचूक लिहिते. ते यंत्र मात्र तिने पाहिलेलेही नाही.

या बाबतीत एके काळी सार्वजनिक हिताचा विचार झाला होता. पवईची आय. आय. टी. १९५८ साली युनेस्कोमार्फत मिळालेल्या सोव्हिएत साहाय्याने उभी राहिली. तेथेच १९७६ साली केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने प्रादेशिक उपकरण केंद्र स्थापन केले. ते आज निराळ्या नावाने चालू आहे. महागडे यंत्र एका ठिकाणी आणि त्याचा उपयोग भोवतालच्या सर्व संस्थांना, ही कल्पना मुळात समाजवादीच होती. परंतु संशोधकांचे नमुने तपासणे निराळे आणि अंधेरी-बोरिवलीच्या महाविद्यालयांतील वर्गांना यंत्रावर बसवून शिकवणे निराळे. हे दुसरे काम विद्यापीठाचे आहे.

आता थोडे अर्थशास्त्र. जन्मभराची खोड सुटत नाही. समजा, यंत्र ५ कोटींचे आणि त्याचे आयुष्य १० वर्षांचे. म्हणजे वर्षाला ५० लाखांची झीज. वर्षातून १००० तास चालले तर तासाला ५००० रुपये पडतात. दोन पाळ्यांत ४००० तास चालले तर अवघे १२५०. बंद यंत्राइतके महाग यंत्र नाही. आणि यंत्र बंद पडते ते बहुधा अन्य खर्चात केलेल्या काटकसरीमुळे. त्याला निर्वात पोकळी, स्थिर वीजपुरवठा आणि हादरे न बसणारी खोली लागते. आपल्या उपनगरांत तर विद्युत् रेल्वेचे चुंबकीय क्षेत्र आणि पावसाळ्यातील दमट हवा यांचाही बंदोबस्त करावा लागतो. देखभालीचा वार्षिक करार हवा, कुशल तंत्रज्ञ हवा. उद्घाटनाची फीत कापायला मंत्री मिळतो, तंत्रज्ञाची कायम जागा मंजूर करायला कोणी मिळत नाही!

त्यात सरकारने भर घातली. सार्वजनिक संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर असलेली ५ टक्के वस्तू व सेवा कराची सवलत जुलै २०२२ मध्ये काढून घेण्यात आली. एका हाताने अनुदान द्यायचे आणि दुसऱ्या हाताने त्यावर कर वसूल करायचा, याला कोणते नियोजन म्हणावे? ज्या देशात नीरजनाथ दासगुप्तांनी १९४० च्या दशकात कलकत्त्याला असे यंत्र स्वतः बांधले, तो देश आजही जपान, अमेरिका आणि युरोपातील मोजक्या कंपन्यांचा गिऱ्हाईक आहे. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

मागणी साधी आहे. कलिन्याच्या विद्यानगरीत लहान आकाराचे, टेबलावर मावणारे एक क्रमवीक्षण यंत्र केवळ अध्यापनासाठी असावे; त्याची किंमत मोठ्या यंत्राच्या अल्पांशात भागते. मोठ्या यंत्राची दुसरी पाळी संलग्न महाविद्यालयांना राखून द्यावी, आणि विद्यार्थ्यांकडून लागणाऱ्या साहित्यापलीकडे काही घेऊ नये.

अधिसभेपुढे अर्थसंकल्प येईल तेव्हा आपल्या विद्यार्थी कार्यकर्त्यांनी दोनच आकडे मागावेत: गेल्या वर्षी प्रत्येक मोठे यंत्र किती तास चालले, आणि त्यांपैकी किती तास त्याच्यासमोर महाविद्यालयातला विद्यार्थी बसला होता.